जर्मनमधलं 'त्याचं' आणि 'तिचं': झाइन, ईर आणि त्यांच्या शेपट्या

कर्वेरोडी

मंडळी, संध्याकाळच्या बॅचला जर्मन शिकतोय. पातळी ए-१, म्हणजे अगदी पहिली. कंपनी चाकणला, वरचे साहेब जर्मन, पुढेमागे तिकडे पाठवतील अशी हवा आहे, म्हणून हा खटाटोप. जर्मन शब्द मुद्दाम देवनागरीत लिहितोय, म्हणजे ज्यांचा त्या भाषेशी संबंध नाही त्यांनाही वाचता येतील. 'झाइन'मधला झ झाडातला. शब्दाच्या शेवटचा 'ए' प्रत्यक्षात 'अ'कडे झुकतो, पण वाचायला सोपं म्हणून 'ए'च ठेवलाय.

आतापर्यंत बरं चाललं होतं. डेर-डी-डास म्हणजे तो-ती-ते, हे मराठी माणसाला काही नवीन नाही. चंद्र डेर की सूर्य डेर यावर वर्गात वादही घातला. (सूर्य स्त्रीलिंगी आणि चंद्र पुल्लिंगी आहे तिकडे. असो.) गाडी अडली ती मालकी दाखवणाऱ्या शब्दांवर. माझा, तुझा, त्याचा, तिचा.

फळ्यावर शेजारीशेजारी लिहिलं होतं: 'झाइने मुटर' आणि 'ईर फाटर'. म्हणजे त्याची आई आणि तिचे वडील. आई स्त्रीलिंगी, तर तिच्यामागे पुरुषाचा झाइन कसा, आणि त्याला पुन्हा 'ए' कशाला? वडील पुल्लिंगी, तर त्यांच्यामागे ईर का, आणि तिथे 'ए' का नाही? विचारलं तर उत्तर आलं, "हिज मदर, हर फादर. सिंपल!" हिज-हर मला कळतं हो. पण इंग्रजीतल्या हिजला कुठे शेपटी असते? ती कोणाकडे बघून लागते? त्यावर "तक्ता पाठ करा, आपोआप बसेल" असा आशीर्वाद मिळाला आणि पुढचा धडा सुरू झाला.

तक्ता पाठ करीनच, पण आधी कळू दे. आणि दुसरं, हे ईर प्रकरण काय आहे? पुस्तकात जिकडे बघावं तिकडे ईर. तिचं पण ईर, त्यांचं पण ईर, तुमचं पण ईर. पुण्यात जर्मन येणारी माणसं दर गल्लीत दोन निघतात, त्यातली काही इथेही असतील अशी आशा.

---

चाकण_फाटा

पाढे कळून पाठ केले होते का? तक्ता घोका, महिन्याभरात तोंडात बसतो. आमच्या शॉपफ्लोअरवरची पोरं अशीच शिकली.

---

वेताळ_टेकडी

आधी सगळ्यांना शुद्ध मराठी येऊ द्या, मग जर्मन. (पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

---

जुना_रानडेकर

@चाकण_फाटा, घोकण्याला विरोध नाही. पण धागाकर्त्यांचा प्रश्न अगदी मोक्याच्या जागी बोट ठेवणारा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकलो त्याला जमाना झाला, पण हा भाग तिथल्या बाईंनी मराठीतून समजावला होता आणि तो कायमचा बसला.

कर्वेरोडी, तुम्हाला जर्मनकडे इंग्रजीवरून वळसा घालून नेतायत, तिथे घोळ होतोय. इंग्रजी बाजूला ठेवा आणि 'त्याची आई' हे दोन शब्द मोठ्याने म्हणा. 'त्याची'चे दोन तुकडे करा: 'त्या' आणि 'ची'. 'त्या'वरून कळतं की मालक पुरुष आहे. 'ची'वरून कळतं की मालकीची गोष्ट, इथे आई, स्त्रीलिंगी आहे. आता 'झाइने मुटर' बघा. झाइन म्हणजे तुमचा 'त्या', आणि शेवटचा 'ए' म्हणजे तुमची 'ची'. 'ईर फाटर'मध्ये ईर म्हणजे 'ति', आणि 'चा'च्या जागी जर्मन काहीच लावत नाही. जागा रिकामी. म्हणून 'ए' नाही.

म्हणजे एका शब्दात दोन माणसांची दखल घ्यायची असते. धड मालकाचं, शेपटी मालमत्तेची. इंग्रजी फक्त मालक बघते, मालमत्तेशी तिला देणंघेणं नाही. हिंदी उलट: 'उसका भाई, उसकी बहन' यात भाऊ-बहीण कळतात, पण 'उस' म्हणजे बाई की बुवा, पत्ता नाही. फ्रेंचचंही साधारण हिंदीसारखंच. मराठी दोन्ही बघते आणि जर्मनही दोन्ही बघते. त्यामुळे पुण्यातल्या पोराला या धड्यात लंडनच्या पोरापेक्षा कष्ट कमी पडायला हवेत. पडतात जास्त, कारण मध्ये हिज-हर आणून बसवतात.

अजून एक गंमत. 'तो'चं होतं त्याचा, आणि 'ते'चंही होतं त्याचाच. मूल रडतंय, त्याची बाटली दे. पोरगा रडतोय, त्याची बाटली दे. 'त्या' एकच. जर्मनमध्येही 'एर' (तो) आणि 'एस' (ते) या दोघांना मिळून एकच झाइन आहे. फक्त 'झी' (ती) वेगळी, तिचं ईर. इतकं तंतोतंत जुळतं.

बाकीची धडं: माझा माइन, तुझा डाइन, आमचा उन्झर, तुम्हा मित्रमंडळींचा ऑयर, त्यांचा ईर. शेपट्या सगळ्यांना त्याच. डेर-शब्दापुढे आणि डास-शब्दापुढे काही नाही, डी-शब्दापुढे 'ए', आणि अनेकवचनापुढे लिंग कुठलंही असो, 'ए'. माइन ब्रूडर, माइने श्वेस्टर, माइन किंड, माइने किंडर. अनेकवचनात आपण भाऊ, बहिणी, मुलं यांच्यासाठी माझे, माझ्या, माझी अशी तीन रूपं वापरतो. तिथे जर्मनने आपल्यावर दया केली आहे.

विभक्तीचं नंतर लिहितो, जेवायला बोलावतायत.

---

कर्वेरोडी

जुना_रानडेकर, साष्टांग. 'त्या' आणि 'ची' असे तुकडे आयुष्यात कधी केले नव्हते. 'तिचं पुस्तक' म्हणून बघितलं: बूख हा डास-शब्द, मग 'ईर बूख'. 'त्याची पिशवी': टाशे ही डी, मग 'झाइने टाशे'. 'तिची पिशवी': 'ईरे टाशे'. बरोबर ना?

विभक्तीची वाट बघतोय. काल वर्गात 'माइनेन' आणि 'माइनेम' ऐकू आलं तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होतो.

---

शिकवणीवाली

तिन्ही बरोबर.

मी अकरावी-बारावीच्या मुलांच्या जर्मनच्या शिकवण्या घेते. (गुण चांगले पडतात म्हणून निम्मं पुणं जर्मन घेतं, हे उघड गुपित आहे.) रानडेकरांनी सांगितलेलं सगळं मान्य, मीही असंच शिकवते. पण मराठीवरून जाताना दोन ठिकाणी पाय घसरतो, ते आधीच सांगून ठेवते.

पहिली जागा म्हणजे आपला आदर. मराठीत बाबा 'आले', आणि गाडी 'त्यांची'. आपण वडिलांना एकटे असूनही अनेकवचनात बसवतो. मग मुलं लिहितात 'माइन फाटर उंड ईर आउटो', कारण डोक्यात 'त्यांची गाडी' असते आणि तक्त्यात 'त्यांचा'समोर ईर असतो. जर्मन माणूस हे वाचून विचारतो, ही कोण बाई, जिची गाडी वडिलांबरोबर आली? तिसऱ्या माणसाबद्दल बोलताना जर्मनमध्ये आदरार्थी अनेकवचन नाही. वडील असोत, सर असोत, देशाचे राष्ट्राध्यक्ष असोत, एकटा पुरुष म्हणजे एर आणि त्याचं सगळं झाइन. म्हणून 'माइन फाटर उंड झाइन आउटो'. मुलांना मी सांगते, जर्मन लिहिताना घटकाभर वडिलांना अरेतुरे करा, ते रागावणार नाहीत. सासूबाईंच्या बाबतीत मात्र चूक झाली तरी पकडली जात नाही, कारण 'तिची' म्हणा की 'त्यांची' म्हणा, दोन्हीचं ईरच होतं.

दुसरी जागा 'तुमचा'. आपला 'तुमचा' दोन कामं करतो. चार मित्रांना 'तुमची बॅग कुठाय रे' आणि साहेबांना 'तुमची बॅग कुठे आहे सर'. जर्मनमध्ये ही दोन वेगळी दुकानं. मित्रांना ऑयर, साहेबांना ईर. साहेबांच्या ईरचं पहिलं अक्षर लिहिताना नेहमी मोठं काढायचं, वाक्याच्या मध्ये आलं तरी. देवनागरीत ते दाखवता येणार नाही. बोलताना तर काहीच फरक ऐकू येत नाही, संदर्भावरूनच कळतं.

आणि @कर्वेरोडी, 'ईर' किती जण? तिचा, त्यांचा, आदराने तुमचा, हे तीन मालकीचे. शिवाय 'तुम्ही' मित्रमंडळी म्हणजेही ईर, आणि 'तिला' म्हणजेही ईर. हे शेवटचे दोन मालकीचे नव्हेत, सर्वनामं आहेत. ओळखायची युक्ती सोपी आहे: पुढे लगेच नाम आलं तर बहुतेक वेळा मालकी, क्रियापद आलं तर 'तुम्ही'.

---

दहावीची_आई

वाचनखूण साठवली. लेकाला दहावीला जर्मन आहे आणि घरात मीच त्याची परीक्षा घेते, मला स्वतःला काही येत नाही. त्याच्या वहीत 'ऑयर' आहे आणि खाली 'ऑयरे'. पण मूळ शब्दाच्या स्पेलिंगमध्ये र च्या आधी जो 'ई' आहे तो खालच्या शब्दातून गायब आहे. तो म्हणतो असंच असतं. मला वाटलं, गाळला असेल घाईत.

---

शिकवणीवाली

@दहावीची_आई, लेक बरोबर आहे. ऑयरला शेपटी लागली की मधला 'ई' गळतो: ऑयरे, ऑयरेन, ऑयरेम. उन्झरमध्ये मात्र सहसा ठेवतात, उन्झेरे. आणि उन्झर, ऑयर यांच्या शेवटचा 'र' ही शेपटी नाही, तो धडाचाच भाग आहे. बरीच मुलं तो शेपटी समजून कापतात आणि 'उन्झे मुटर' लिहून मोकळी होतात. पेपर तपासताना हे हमखास सापडतं.

---

जुना_रानडेकर

जेवण झालं, आता विभक्ती.

पुन्हा मराठीकडेच या. 'माझा भाऊ आला', पण 'माझ्या भावाला बोलाव'. भावाला प्रत्यय लागला की 'माझा'सुद्धा गुपचूप 'माझ्या' होतो. कोणी शिकवलं आपल्याला? कोणी नाही. 'माझा भावाला' म्हटलं तर कानाला खटकतं एवढंच. जर्मनमध्ये हेच होतं. फरक एवढाच की आपल्याकडे प्रत्यय नामालाही लागतो, त्यामुळे 'भावाला' ऐकूनच काम भागतं. त्यांच्याकडे ब्रूडर बहुधा ब्रूडरच राहतो, आणि विभक्तीचं सगळं ओझं पुढच्या शब्दावर, म्हणजे डेर, आइन, माइन यांच्यावर पडतं. म्हणून त्या शेपट्यांना एवढं महत्त्व.

आकुझाटिव म्हणजे ढोबळमानाने आपलं कर्म. मी भावाला बघतो: 'इश झेहे माइनेन ब्रूडर'. इथे फक्त डेर-शब्द हलतो. बहीण, मूल, अनेकवचन जागच्या जागी: माइने श्वेस्टर, माइन किंड, माइने किंडर. म्हणजे आकुझाटिवसाठी नवीन लक्षात ठेवायचं ते एकच, पुल्लिंगाला 'एन'.

डाटिव आपल्या चतुर्थीच्या जवळ. दिलं कोणाला, मदत कोणाला. शिवाय 'मिट' (बरोबर), 'फोन' (कडून), 'बाय' (कडे) असे काही शब्द आले की डोळे झाकून डाटिव. भावाबरोबर: 'मिट माइनेम ब्रूडर'. मुलाबरोबर: 'मिट माइनेम किंड'. बहिणीबरोबर: 'मिट माइनेर श्वेस्टर'. मुलांबरोबर: 'मिट माइनेन किंडर्न', तिथे नामालाही 'न'ची शेपटी लागते. या बहिणीच्या 'माइनेर'पाशी सगळे अडखळतात. 'डेर' पुल्लिंगी म्हणून इतकं घोटलेलं असतं की 'एर' ऐकलं की पुरुष आठवतो. पण डाटिवमध्ये 'एर' बाईचा आहे.

मराठीत एकच 'माझ्या' तिन्ही लिंगांना चालतो: माझ्या भावाबरोबर, माझ्या बहिणीबरोबर, माझ्या मुलाबरोबर. इथे आपली भाषा उदार आणि जर्मन कंजूष. तेव्हा या एका ठिकाणी, @चाकण_फाटा, तुमचं घोकणं मान्य.

---

चाकण_फाटा

धन्यवाद. शेवटी आलातच घोकण्यावर.

---

शास्त्रीबुवा

एक शंका. शाळेत आपण चा-ची-चे म्हणजे षष्ठी असं शिकलो. जर्मनमध्ये षष्ठीला गेनिटिव म्हणतात असं वाचलं. मग 'माइन' हा गेनिटिव म्हणायचा का? आणि तसं असेल तर 'माइनेन' म्हणजे षष्ठीची द्वितीया झाली. हे पाणिनीलाही झेपणार नाही.

---

जुना_रानडेकर

शंका रास्त आहे. आजच्या जर्मनमध्ये माइन ही विभक्ती नव्हे. तो आइनसारखा नामापुढे बसणारा शब्द आहे आणि पुढचं नाम ज्या विभक्तीत असेल ती अंगावर घेतो. आपल्या 'माझा'लाही षष्ठी म्हणतात, पण वागतो तो विशेषणासारखा, काळा-काळी-काळे तसा माझा-माझी-माझे. त्यामुळे 'माझ्या भावाला'मध्ये षष्ठीवर चतुर्थी चढली म्हणून आपल्यालाही कधी चक्कर येत नाही.

इतिहासात मात्र तुमचं म्हणणं खरं ठरतं. जुन्या जर्मनमध्ये 'मी'चं गेनिटिव रूप 'मीन' होतं आणि माइन त्याच घराण्यातला. त्याचा एक अवशेष फुलाच्या नावात जिवंत आहे. निळ्या बारीक फुलांचं एक रोप असतं, 'फेरगिसमाइननिष्ट', म्हणजे 'मला विसरू नकोस'. विसरणे हे क्रियापद तेव्हा गेनिटिव घ्यायचं, म्हणून मधला 'माइन' हा 'माझा' नसून जुनी षष्ठी आहे. आज कोणी 'माझं विसरू नकोस' म्हणत नाही, आता तिथे आकुझाटिवचा 'मिश' येतो. फूल तेवढं जुनंच बोलतं.

खरा गेनिटिव हवा असेल तर 'डास आउटो माइनेस फाटर्स', माझ्या वडिलांची गाडी. इथे आधी गाडी, मग वडील, आपल्या उलट.

---

नेकारकाठी

धागा आवडला. मूळची शनिवार पेठेतली, गेली काही वर्षं स्टुटगार्टला आहे. इथे हल्ली पुण्याकडचे बरेच लोक भेटतात. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने इथल्या बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून चौकशाही वाढल्यात. पुस्तकात येतं पण ठळक केलेलं नसतं असं थोडं सांगते.

रानडेकरांचा 'माइनेस फाटर्स' लिहिताना छान, कार्यालयीन पत्रात तर हवाच. पण दुधाच्या रांगेत लोक 'डास आउटो फोन माइनेम फाटर' म्हणतात. आणि गावाकडे कान दिलात तर 'माइनेम फाटर झाइन आउटो' ऐकू येईल. शब्दशः 'माझ्या वडिलांना त्याची गाडी'. 'माइनेर मुटर ईर आउटो' हेही तसंच. शिक्षक कपाळावर हात मारतात, लोक बोलत राहतात. परीक्षेत लिहू नका, पण ऐकलं तर दचकू नका.

दुसरं, शरीराचे अवयव. इंग्रजी माध्यमातली मुलं 'मी माझे दात घासतो' अशी वाक्यं बनवतात आणि तिथे माइने चिकटवतात. जर्मन म्हणतो 'इश पुत्से मीर डी त्सेने', मला दात घासतो. 'इश वाशे मीर डी हेंडे', मला हात धुतो. माइन कुठेच नाही. दात कोणाचे हे 'मीर'ने सांगून झालं. घरात आपणही 'हात धुऊन ये' म्हणतो, 'तुझे हात धुऊन ये' म्हणत नाही. दुसऱ्याचे कोण धुणार? डॉक्टरकडे गेलात तर 'मीर टूट डेर कोप्फ वे', माझं डोकं दुखतंय. तिथेही 'मीर'.

तिसरं, ही आपल्या मराठीची श्रीमंती म्हणा. 'अजय आपल्या मित्राला आणि त्याच्या बायकोला भेटला.' मराठीत लख्ख आहे, बायको मित्राची. 'आपल्या बायकोला' म्हटलं असतं तर अजयची. जर्मनमध्ये मालकी दाखवणारा 'आपला' नाहीच. 'अजय ट्रिफ्ट झाइनेन फ्रॉइंड उंड झाइने फ्राउ' म्हटलं की घरात भांडण व्हायची सोय झाली. त्यातून सुटायला त्यांच्याकडे 'डेसेन' आहे: 'झाइनेन फ्रॉइंड उंड डेसेन फ्राउ', म्हणजे शेवटी ज्याचं नाव घेतलं त्याची बायको. बाई असेल तर 'डेरेन'. यांना शेपटी लागत नाही, ही त्यातल्या त्यात सुटका.

तसंच 'आपलं घर' आणि 'आमचं घर' यातला फरकही जर्मनला माहीत नाही, दोन्हीला उन्झर. समोरच्याला धरून की वगळून, ते चेहऱ्यावरून ओळखायचं.

---

वेताळ_टेकडी

पॉपकॉर्न संपलं आणि धागा चांगला निघाला, हे बरं नव्हे.

खरंच एक विचारतो. पाव-केकच्या दुकानांवर नावापुढे स्वल्पविराम वर टांगून 'स' लिहितात, इंग्रजीसारखं. जर्मनमध्ये 'मीनाचं पुस्तक' कसं लिहायचं?

---

नेकारकाठी

'मीनास बूख'. नुसता 'स' चिकटवायचा, वरचं चिन्ह नाही. मालक बाई असो की बुवा, पुस्तक असो की गाडी, 'स' तोच. विशेषनामाला सगळं माफ. पण नाव मुळातच 'स'ने संपत असेल, तर दुसरा 'स' न लावता फक्त ते चिन्ह टांगतात. म्हणजे सुहास, विलास, श्रीनिवास या मंडळींच्या नशिबी लिहिताना नुसतं चिन्ह. बोलताना ते ऐकू येत नाही, म्हणून लोक सरळ 'डास आउटो फोन सुहास' म्हणतात.

दुकानाच्या पाटीवरचं प्रकरण इथेही गाजलेलं आहे. वर्षानुवर्षं लोक इंग्रजीच्या नादाने पाट्यांवर ते चिन्ह टाकायचे आणि भाषाप्रेमी त्याला 'डेपनआपोस्ट्रोफ', म्हणजे मूर्खांचं चिन्ह, म्हणून हिणवायचे. २०२४ च्या सुधारित नियमांत जर्मन शुद्धलेखन परिषदेने दुकान-हॉटेलाच्या नावात ते चालेल असं मान्य केलं. एव्हा नावाच्या बाईच्या फुलांच्या दुकानाच्या पाटीवर चालेल. एव्हाचा चष्मा मात्र अजूनही चिन्हाशिवायच. शुद्धलेखनावरून वर्तमानपत्रांत भांडणारी माणसं फक्त पुण्यातच असतात असा माझा समज इथे येऊन गेला.

---

कर्वेरोडी

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. ए-१ च्या तोंडी परीक्षेत स्वतःची ओळख करून द्यायची असते, म्हणून घरच्यांवर थोडं लिहून बघितलं. तपासा.

'माइन फाटर हाट आइने फिर्मा. झाइने फिर्मा इस्ट इन पुणे. माइने मुटर इस्ट लेरेरिन. ईरे शूले इस्ट इन कोथरूड. माइन ब्रूडर उंड झाइने फ्राउ वोनेन इन नाशिक. ईर झोन इस्ट ड्राय. इश बेझूखे माइनेन ब्रूडर ऑफ्ट. इश फारे मिट माइने मुटर.'

(म्हणजे: वडिलांची कंपनी आहे, ती पुण्यात. आई शिक्षिका, तिची शाळा कोथरूडला. भाऊ आणि त्याची बायको नाशिकला राहतात, त्यांचा मुलगा तीन वर्षांचा. भावाकडे मी बऱ्याचदा जातो. आईबरोबर प्रवास करतो. वडिलांना अरेतुरे करताना जीभ अडखळली, पण केलं.)

---

शिकवणीवाली

छान! शेवटचं वाक्य तेवढं बदला. मिटनंतर डाटिव, आणि आई स्त्रीलिंगी, म्हणून 'मिट माइनेर मुटर'. बाकी सगळं बरोबर, 'माइनेन ब्रूडर'सुद्धा.

'ईर झोन इस्ट ड्राय' वर एक टीप. झोन डेर-शब्द, म्हणून शेपटी नाही, हे बरोबर. पण हा मुलगा दोघांचा की फक्त वहिनीचा, हे वाक्यावरून ठरत नाही. शिवाय वाक्याच्या सुरुवातीला पहिलं अक्षर मोठंच असतं, त्यामुळे लिहून दाखवलं तर 'तुमचा मुलगा' असाही अर्थ निघू शकतो. आधीच्या वाक्यात दोघं आहेत, म्हणून समजून घेतात. परीक्षक त्यासाठी गुण कापणार नाहीत. १०० पैकी ६० ला पास आहे, मालकीच्या शेपट्यांवर कोणी नापास होत नाही. बोलताना शेपटीपाशी थांबून विचार करत बसलात तर मात्र वेळ जाईल.

---

दहावीची_आई

लेकाने हा परिच्छेद वाचला आणि म्हणाला, "नुसता माइनेर असतो ना? 'हा माझा' म्हणताना?" मला उत्तर देता आलं नाही.

---

जुना_रानडेकर

असतो, आणि पोरगं चौकस आहे. पुढे नाम नसलं की रिकामी जागा चालत नाही, कारण मग लिंग सांगायला कोणी उरत नाही. टेबलावर छत्री पडली आहे, शिर्म, डेर-शब्द. 'ही तुझी का?' 'या (हो), डास इस्ट माइनेर.' पिशवी असेल तर 'माइने', पुस्तक असेल तर 'माइन्स'. म्हणजे एरवी बिनशेपटीचे दोघे इथे शेपटी लावून येतात. बसमध्ये, कॅन्टीनमध्ये हे सारखं लागतं. टाळायचं असेल तर क्रियापद वापरा: 'डास गेह्योर्ट मीर', हे माझ्या मालकीचं आहे. तिथे लिंगाची भानगडच नाही.

---

शास्त्रीबुवा

आता एक पुणेरी प्रश्न, मग जातो. 'आमची कोठेही शाखा नाही' हे जर्मनमध्ये कसं? उन्झेरे फिलिआले असं काहीतरी?

---

नेकारकाठी

उन्झेरे लागणारच नाही. मराठीत 'जवळ असणे' यासाठी वेगळं क्रियापद नाही, म्हणून आपण आमची शाखा, माझ्याकडे गाडी, मला दोन भाऊ, अशी दर वेळी नवी वाट काढतो. जर्मनला त्या सगळ्यासाठी एकच 'हाबेन' पुरतं. 'वीर हाबेन काइने फिलिआलेन.' काइन म्हणजे 'एकही नाही', आणि त्याला शेपट्या अगदी माइनच्याच लागतात. म्हणजे माइन पाठ झाला की काइन फुकटात. पाटी करायला टाकणार असाल तर वेळाही लिहा: एक ते चार बंद.

---

शास्त्रीबुवा

बंदला काय म्हणतात?

---

नेकारकाठी

गेश्लोसेन. याला शेपटी नाही.